आणखी सहा आठवडे

“तू बहीण नाहीस माझी… वैरीण आहेस, वैरीण!”

फुटबॉलचे बूट अंगणात भिरकावून देवराज वऱ्हांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला. चंद्रावती पोर्ट लुई शहराहून येणाऱ्या बसमधून नुकतीच उतरून घरी आली होती. दिवसभर इस्पितळात परक्यांचे हातपाय चोळून तिचे खांदे भरून आले होते, आणि आता हे!

“आयो! देवा, आधी बस तरी. गुडघ्यावर भार नको देऊस,” ती म्हणाली.

“गुडघा, गुडघा! रविवारी चषकाची शेवटची मॅच, आणि कप्तानानं माझं नाव काढून टाकलं. तो म्हणतो, तुझी ताईच सांगून गेली, की हा अजून खेळण्याजोगा नाही! सगळं फिनी केलंस तू, संपवलंस!”

“आणखी सहा आठवडे रे… फक्त सहा आठवडे…”

“तुझा संसार झाला नाही, म्हणून माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही!”

चुलीपाशी बसलेले बाबा, हरिलाल, ताडकन उठले. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. पण चंद्रावतीने “बाबा!” एवढेच म्हटले आणि ते परत खाली बसले.

काय बोलणार होते, ते त्या दोघांनाच ठाऊक होते.

पोलिओच्या साथीनंतर इस्पितळात लुळ्या पडलेल्या मुलांसाठी एक खोली उघडली होती. चंद्रावती तिथे आया म्हणून लागली. व्यायाम शिकवणारी इंग्रज मॅडम पोरांचे पाय कसे धरते, कुठला स्नायू कसा जागा करते, हे ती पाहता पाहता शिकली. इतके, की मॅडमने तिचे नाव विलायतेच्या शिक्षणासाठी वर कळवले. तीन वर्षांचे शिक्षण, सरकारी खर्चाने! पत्र आले त्याच आठवड्यात मैदानावर देवराजचा पाय वळला आणि गुडघ्यातला स्नायुबंध फाटला. डॉक्टरने प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले आणि ‘आता चाल’ म्हणून सोडून दिले. आतून निघालेली मांडी म्हणजे उसाचे चिपाड! आई जाऊन चार वर्षे झाली होती. बाबांना धड दिसत नव्हते. या पायाला कोण उभे करणार होते?

चंद्रावतीने मॅडमला नकार कळवला. कुणाला काही न सांगण्याची बाबांना शपथ घातली. पोर्ट लुईहून विलायतेची बोट सुटली त्या सकाळी ती प्लेन मान्येन गावातल्या या घरात भावाच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधत होती.

पाच महिने! रोज कामावर जाण्याआधी आणि आल्यावर. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, टाच वीतभर उचलायची, मग पिशवी बांधून उचलायची, मग एका पायावर उभे राहायचे. देवराज चिडे, रडे. ती थकल्या हातांनी पुन्हा त्याचा पाय धरी. तो धावू लागला तेव्हा सगळा गाव म्हणाला, पोरगा बरा झाला. पण चंद्रावतीने टेप लावून मांडी मोजली होती. ती दुसऱ्या मांडीपेक्षा अजून दीड इंच बारीक होती, आणि एका पायावर उडी मारली की गुडघा आत कलत होता. अशा गुडघ्याने तो खेळला असता, तर… तिने देवराजला तीनदा सांगितले. त्याने ऐकले नाही, तेव्हा ती कप्तानाकडे गेली.

त्या रविवारी संघ हरला. सोमवारी देवराज दूर सूयाक गावी निघून गेला; तिकडच्या साखर कारखान्यात लागला. पुढच्या हंगामात तो खेळला, चांगली पाच वर्षे खेळला. पण घरी आला नाही. इंद्राणीशी लग्न केले, तेव्हाही बाबांनाच तेवढे बोलावले! चंद्रावतीने आहेराची साडी बाबांच्या हाती दिली, ती तशीच परत आली. पहाटेची बस, इस्पितळातली ती खोली, संध्याकाळची बस… दिवस जात राहिले. रडायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

सात वर्षांनी, एका शनिवारी दुपारी, दारात गाडी थांबली. देवराज उतरला. मागून काठीच्या आधाराने एक उमदा तरुण लंगडत आला.

“हा चंद्रमोहन… इंद्राणीचा भाऊ,” देवराज खाली मान घालून म्हणाला. “गुडघा… माझ्यासारखाच. डॉक्टरांनी प्लास्टर काढून सोडून दिलं. ताई, मला दुसरं कुणी आठवलं नाही.”

चंद्रावतीने विचारले नाही, इतकी वर्षे का आठवले नाही. ती म्हणाली, “त्याला खाटेवर निजव. पाय सरळ.”

दर शनिवारी ते येऊ लागले. भाऊ-बहीण गुडघ्यापलीकडे बोलत नसत. चार महिने झाले आणि एक दिवस चंद्रमोहन आनंदात म्हणाला, “पुढच्या रविवारी मी उतरतोय मैदानात!”

चंद्रावतीने त्याला एका पायावर उडी मारायला लावली. गुडघा आत कलला. तिने काही बोलण्याआधीच देवराज म्हणाला, “नाही. आणखी सहा आठवडे.”

“तुम्ही कोण सांगणारे?”

“तुझ्या कप्तानाला मीच सांगणार. नाव काढायला लावीन.”

“समजलं!” चंद्रमोहन ओरडला. “तुमचा खेळ संपला, म्हणून माझा तुम्हाला बघवत नाही!”

देवराजचा चेहरा पांढराफटक पडला. मग सावकाश त्याने बहिणीकडे पाहिले… त्या पिकलेल्या केसांकडे, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे.

“ताई…” तो म्हणाला. “हेच… अगदी हेच बोललो होतो ना गं मी? आणि तू एक शब्दही उलटून बोलली नाहीस! कसं सोसलंस?”

तो तिच्या पायांवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

“ऊठ, वेड्या. तुझे पाय पळाले ना? झालं तर मग.”

“नाही झालं! तुझं काय, ताई? तुला कधी काहीच नको होतं?”

कोपऱ्यातून बाबांचा कापरा आवाज आला, “पोरी, आता तरी सांगू दे मला…”

विलायतेचे सांगितले असते, तर उरलेला जन्म देवराज स्वतःला माफ करू शकला नसता. एवढ्या कष्टाने उभा केलेला माणूस ती पुन्हा कसा पाडणार होती?

“बाबांना काय, माझ्या लग्नाच्या जुन्या गोष्टी सांगायच्या असतील,” ती हसून म्हणाली. “दमले रे मी, देवा. बाकी काही नाही.”

देवराजने डोळे पुसले. तो उठला, त्याने आतल्या खोलीत चटई अंथरली, उशी ठेवली. “तू पड. त्याचा व्यायाम मी घेतो. चुकलो तर हाक मारून सांग.”

भर दुपारी, कामाच्या वेळी, ती आडवी झाली. बाहेर देवराज मेहुण्याला समजावत होता, “टाच हळू उचल… हिसका नको. दुखलं तर सांग, लपवू नकोस.” सगळे बरोबर सांगत होता. चंद्रावतीने एकदा कान देऊन खात्री करून घेतली आणि मग डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून सात वर्षांचे पाणी निमूट उशीवर वाहू लागले… आणि ते पुसण्याआधीच तिला गाढ झोप लागली.