राखून ठेवलेलं मत

“जोसाया, ओढा ओलांडेपर्यंत धाकट्याचा हात सोडू नकोस हं!”

आई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी भावाच्या घराची पायरी चढताना तिचा तो स्वर जोसायाच्या काळजात घुमला... सहा वर्षांत तो या दारी फिरकला नव्हता; आज भाऊ आजारी असल्याचं ऐकून आला होता. ज्या धाकट्या लेस्टरच्या शिक्षणासाठी त्याने अकराव्या वर्षी शाळा सोडून दगडाच्या खाणीत घण उचलला, त्याच लेस्टरने वकील झाल्यावर सिनेटच्या निवडणुकीच्या भर सभेत हसत हसत म्हटलं होतं, “माझ्या भावाला मतपत्रिकासुद्धा कुणीतरी वाचून दाखवावी लागते!” सारं मैदान खदखदून हसलं होतं. लेस्टर निवडून आला. पुढे शेतकऱ्यांनी जोसायालाही, विरुद्ध पक्षाकडून, राज्याच्या सिनेटमध्ये धाडलं. पण ते हसू त्याच्या हृदयातून कधी गेलं नाही!

आत न्यूमोनियाने फणफणलेला लेस्टर एक पाय बुटात घालून पलंगाच्या कडेवर बसला होता.

“भाऊजी, तुम्ही तरी अडवा हो!” त्याची बायको हॅटी रडत म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, जिना उतरले तर संपलंच सगळं!”

“दोन वाजता मतदान आहे,” लेस्टर धापा टाकत म्हणाला. “मी नसलो तर मतं बरोबरीत अडकतील, विधेयक पडेल. शाळेतल्या पोरांना फुकट पुस्तकं... चार वर्षं झटलोय! तू कशाला आलास, दादा? हसायला?”

“हसण्याचं खातं तुझ्याकडे. मला अडखळत वाचता येतं, पण तुझ्या तोंडावर काय लिहिलंय ते चांगलं कळतंय. नीज!”

“मग माझ्याशी जोडी बांध.”

सभागृहातला तो जुना रिवाज होता. आजारी सभासदाला विरुद्ध बाजूच्या एकाने शब्द द्यायचा आणि आपलं मत राखून ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडचं एकेक मत सारखंच कमी होई. कागद नाही, सही नाही.

 जोसायाला पक्षाने सकाळीच बजावलं होतं, आज जो फुटेल त्याने पुढची उमेदवारी विसरावी. पुस्तकांसाठीचा कर ज्यांच्यावर पडणार, ते त्याचे शेतकरी त्याला तोंडावर गद्दार म्हणतील. उभ्या जन्मात मिळालेला तो एकच मान...!

लेस्टरने दुसरा बूट ओढला, उभा राहिला आणि झोकांडला. जोसायाने त्याला छातीशी धरलं. ते अंग निखाऱ्यासारखं जळत होतं!

“प्रभू साक्षी आहे,” जोसाया म्हणाला. “दिला शब्द.”

“दादा... त्या दिवशी लोक हसले नि मला गोड वाटलं रे! तुझ्या घामावर शिकलो आणि तुलाच...” लेस्टरने त्याची बाही धरली. “मला क्षमा कर!”

“आधी बूट काढ, वकीलसाहेब!” म्हणत जोसाया खाली बसला आणि डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहत असताना त्याने ते बूट स्वतःच्या हातांनी उतरवले.

“भाऊजी, घोटभर सूप तरी...”

“नको गं. गैरहजर राहिलो तर म्हणतील, घाबरून दडला. नाव पुकारतील तेव्हा उभं राहून सांगायला हवं, की मत राखून ठेवलंय.”

बाहेर, सिनेटच्या घुमटाकडे जाणाऱ्या चढावर त्याच्या पक्षाचे दोघं त्याची वाट पाहत उभे होते. जोसायाने दुरूनच हॅट किंचित उचलली, आणि तो शांतपणे चढ चढू लागला.