रिकामी खुर्ची खाली नेत नाहीत

ताई टॅक्सीतून उतरल्या त्या स्वतःच्या पायांनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर त्यांच्या भावजयीने चारचौघांत वेगळंच सांगितलं, आणि लोकांना तेच खरं वाटलं.

दुपार कलली होती. धक्क्याला टेकून ते पांढरंशुभ्र जहाज उभं होतं, एखादी मोठी इमारत पाण्यात आणून सोडावी तसं. चार दिवसांची सहल होती. भाऊ, भावजय आणि ताई. भाऊ म्हणाला होता, "झालं गेलं विसरून जाऊ ताई, जरा समुद्राची हवा खाऊ." ताईंना खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्या भावाने आयुष्यात कधी कोपऱ्यावरच्या दुकानातून चहा पाजला नाही, तो एकदम क्रूझवर न्यायला निघाला म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच. पण ताईंनी उभ्या जन्मात समुद्रातून प्रवास केला नव्हता. मोह झाला. डेकवर चकरा मारायला त्यांनी पांढरे कॅनव्हासचे नवे बूट घेतले.

त्यांची हयात शाळेत कवायत शिकवण्यात गेली होती. त्यांनी शिट्टी फुंकली की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, चाल खटखट. बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि गुडघा दुखावला. गुडघा बरा झाला, पण भावजयीची जीभ काही बरी होईना. 'घर काढून टाका, आमच्याकडे या, एकटीने कुठवर रेटणार?' रोज तेच दळण. शेवटी एक दिवस ताई कडाडल्या, "ज्या दिवशी माझा जिना मला चढता येणार नाही, त्या दिवशी म्हणाल तिथे सही करीन. तोवर घराचं नाव काढायचं नाही!"

त्यानंतर भावजयीने खरंच नाव काढलं नाही. एकदम गोड झाली. भावजय गोड झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

धक्क्याच्या दाराशी एक चाकाची खुर्ची आधीच मांडून ठेवलेली होती. तिच्या मागे करड्या कपड्यातला एक माणूस उभा होता. दोन्ही हात खुर्चीच्या मुठींवर, मान खाली.

"बसा ताई," भावजय म्हणाली.

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"लाईन बघा केवढी आहे ती. खुर्ची असली की थेट आत सोडतात. मी आधीच सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंस?"

उत्तर खुर्चीवाल्याने दिलं. मान वर न करता. "एक पाऊलही टाकता येत नाही, असं सांगितलंय."

"अगं, तुझ्या जिभेला काही हाड आहे का! मी तुझ्यासमोर चालत आले ना आत्ता?"

"तसं सांगितल्याशिवाय देत नाहीत हो," भावजय हसली. "माणूस जागचं हलूच शकत नाही म्हटलं की पार दारापर्यंत सोडतात."

लाईनीतली माणसं बघायला लागली होती. त्यात एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "धडधाकट तर दिसतेय! लाज नाही वाटत असली नाटकं करायला?" दुसरं कोणीतरी फिदीफिदी हसलं. ताईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. ज्या बाईच्या नजरेने पोरं थिजायची, तिला परक्या लोकांनी असं तोंडावर बोलावं!

"ताई, तमाशा नको," भाऊ पुटपुटला. "बस ना. लोक बघतायत." असं म्हणून त्याने आपली भलीमोठी बॅग दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. ताईंनी ते पाहिलं. चार दिवसांची बॅग इतकी हलकी कशी, असा प्रश्न मनात आला आणि तसाच राहिला.

गुडघा थोडा ठणकत होता. ते कबूल करण्यापेक्षा भावजयीवर उपकार केल्यासारखं खुर्चीत बसणं सोपं होतं. ताई बसल्या.

खुर्चीवाल्याने वाकून त्यांच्या मांडीवरून पट्टा ओढला. त्याच्या हातांना ओल्या फडक्याचा वास येत होता, कित्येक दिवस बादलीत राहिलेल्या फडक्याचा.

"बूट काढा," तो म्हणाला. "लागणार नाहीत."

"बूट पायातच राहतील."

त्याने खांदे उडवले. "वर भेटूच," असं म्हणत भावजयीने हात हलवला, आणि ती दोघं गर्दीत मिसळली.

खुर्चीची वाट वेगळी होती. एक लांब, बंदिस्त, चढाचा रस्ता. दोन्ही बाजूंना काचा, पण मिठाने इतक्या आंधळ्या झालेल्या की बाहेरचं ऊन आत येता येता राखेच्या रंगाचं होत होतं. दार मागे मिटलं आणि धक्क्यावरचा सगळा गलबला एकदम तुटला. राहिली ती फक्त एका चाकाची कुई... कुई...

खुर्चीत बसलेल्याला एक गोष्ट कधीच दिसत नाही. आपल्याला ढकलणारा. ताईंनी मान वळवून पाहिलं, तर दिसल्या दोन मुठी आणि करड्या बाह्या. त्यांनी डोळे मिटून कान दिले. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय? शेकडो पावलांतून एक चुकलेलं पाऊल त्या पाठमोऱ्या उभ्या राहूनही ओळखायच्या. आत्ताही त्यांचा कान सवयीने डावं-उजवं शोधू लागला.

मागे पावलंच नव्हती.

"अहो..." घसा खाकरून त्या म्हणाल्या, "तुमची पावलं वाजत नाहीत."

"चाकं आहेत ना," मागून आवाज आला.

पुढच्या वळणावर वरून दुसरी खुर्ची येताना दिसली. तिच्यात एक म्हातारा होता. शेजारून चालणारी त्याची मुलगी कोणाशी तरी फोनवर बोलत होती. "अगं, काय सांगू, बाबा किती शहाणे झालेत! जाताना नुसत्या शिव्या घालत होते. आता सगळ्याला हो म्हणतात. हो ना बाबा?"

म्हाताऱ्याने मान डोलावली. हसला. तिने काही विचारलं नाही, तरी पुन्हा डोलावली. ताईंची नजर त्याच्या पायांवर गेली. पाय अनवाणी होते. तळवे गुलाबी, मऊ, कधी जमिनीला न लागलेल्या तान्ह्या बाळासारखे.

ताईंनी आपले बुटांतले पाय मागे ओढून घेतले.

"थांबवा. मला उतरायचंय."

"तुम्हाला उठता येत नाही."

"येतं! ती खोटं बोललीय!"

"खरं-खोटं आम्ही बघत नाही... सांगितलं तसं करतो."

ताईंनी पट्ट्याला हिसका दिला. पट्टा ढिम्म हलला नाही. ओरडायला तोंड उघडलं, पण त्या लांबलचक रस्त्यात आवाज जाणार कुठे? त्यांनी दात आवळले आणि मनाशी एकच धरलं. दार येऊ दे. दारात मी उभी राहणार. कोणाचा बाप मला बसवून ठेवतो ते बघतेच.

आणि दार आलं. जहाजाचं लोखंडी दार, उंच उंबऱ्याचं. पलीकडे दिवे, गालिचा, कुठेतरी मंद संगीत. खुर्ची थांबली. पट्टा आपोआप सुटला.

"माझी खुर्ची इथवरच," मागून आवाज आला. "उठायचं असेल तर... उठा."

क्षणभर पाय जागचे हललेच नाहीत. लाकडाचे ओंडके. ताईंनी पोटातून श्वास घेतला आणि मैदानावर द्यायच्या त्याच आवाजात स्वतःला हुकूम सोडला, "सावधान!"

त्या उठल्या. डावा पाय, उजवा पाय, उंबरठा पार. काय हलकं वाटत होतं! गुडघ्याची ठणक पार गेली होती. आनंदाने त्यांना हसू फुटलं. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "बघितलंत? उठले! आता न्या तुमची रिकामी खुर्ची!"

"रिकामी खुर्ची आम्ही खाली नेत नाही..."

ताई वळल्या. खुर्ची उताराला लागली होती. तेच चाक, तीच कुई कुई, आणि माणूस बसलेला असताना येतो तोच जड आवाज. खुर्चीच्या पाठीवरून एक पांढरा अंबाडा दिसत होता. त्यात निळी पिन होती. ताईंचा हात स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. निळी पिन जागच्या जागी होती.

खुर्ची वळणाआड गेली.

त्या मागे धावल्या, पण लोखंडी दार लागलेलं होतं. कोणाला सांगावं? गणवेशातली एक मुलगी हसतमुखाने सरबताचा ट्रे घेऊन आली. ताईंनी तिचा दंड धरला, तर ती तशीच हसत पुढे सरकून मागच्या प्रवाशाला ग्लास देऊन गेली. ताईंनी हाका मारल्या, शिट्टीसारखा आवाज काढला. कोणी मान वळवली नाही.

कठड्याशी मात्र काही माणसं होती. सगळी म्हातारी, सगळी ताठ उभी, सगळ्यांच्या पायांत बूट-चपला. त्यांत तो मघाचा म्हातारा होता. पायात चकचकीत पॉलिशचे बूट. त्याने ताईंकडे पाहिलं आणि सरकून त्यांना जागा करून दिली.

खाली धक्क्यावर भाऊ होता. भावजय होती. हलक्या बॅगा होत्या. आणि खुर्चीत ताई होत्या. अनवाणी. भावजय त्यांच्या गुडघ्यांवर शाल पसरत काहीतरी बोलत होती, आणि खुर्चीतल्या ताई मान डोलावत होत्या. हो. हो. भावजय हसली. उभ्या जन्मात ताईंच्या कुठल्या उत्तराला ती अशी मनापासून हसली नव्हती.

"मी इथे आहे!" ताई ओरडल्या. "ती मी नव्हे रे! भाऊ, वर बघ!"

भाऊने वर पाहिलं नाही. जहाजाचा भोंगा वाजला. भावजयीने खुर्चीतल्या बाईचा हात मनगटाला धरून उचलला आणि टाटा केल्यासारखा हलवला.

कठड्यावरचा ताईंचा हात आपोआप वर गेला. हलला. खाली आला.

संध्याकाळपर्यंत किनारा दिसेनासा झाला. कठड्याशी उभ्या असलेल्यांपैकी कोणी बसलं नाही. तिथे बसायला काही नव्हतंच. ताईंनी कठडा घट्ट धरून ठेवला होता. जिना, तिसरा मजला, आपली किल्ली, खिडकीतलं ऊन, सगळं त्या मनात मुठीत धरल्यासारखं धरून होत्या.

मग उजव्या हाताची बोटं कठड्यावरून सुटली. ताईंनी ती डाव्या हाताने दाबून धरली, तरी सुटली. अंगठा आणि दोन बोटं हवेत एकमेकांजवळ आली, पेन धरताना येतात तशी.

"नाही..." ताई म्हणाल्या. "नाही... तो जिना मी चढते... रोज चढते..."

शेजारच्या म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि आपला उजवा हात पटकन खिशात घातला. खिशाच्या आत तो हात हलतच होता.

ताईंची बोटं संथपणे हवेत फिरली. गोल, सरळ, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायचं तसं त्यांचं नाव. सही झाली की खाली एक आडवी रेघ ओढायची त्यांची जुनी सवय होती.

बोटांनी ती रेघही ओढली.