टोकाकडून आलेलं ग्रीस

चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर सकाळी विमानांवरची कोळशाची धूळ आधी पुसावी लागे. ती पुसून उड्डाणाआधी विमान तपासणारी ज्योत्स्ना पुढच्या पंख्याकडे वळली. विमान चालवायला शिकणाऱ्या ऊर्जानगरच्या निशाचं आज एकटीचं पहिलं लांब उड्डाण होतं, नदीकाठच्या मार्कंड्यापर्यंत जाऊन परत. ज्योत्स्नाच्या सहीशिवाय विमान हलणार नव्हतं.

पात्यावर ग्रीसचा ओघळ होता. ग्रीस गळतं ते पाती जिथं बसवलेली असतात त्या मधल्या हबमधून, आणि पंखा फिरला की टोकाकडे फेकलं जातं. हा ओघळ टोकाला जाड होता, हबकडे येत बारीक झालेला. जणू बाहेरून काही आत शिरलं होतं.

तिनं तो पुसला. तडे शोधायचा लाल रंग लावला, थांबून पुसला, वरून पांढरी पावडर फवारली. तडा असला तर लाल रेघ उमटते. उमटली. सगळं धुऊन पुन्हा केलं. काही नाही. तिसऱ्यांदा उमटली, ती दुसऱ्याच पात्यावर.

तेवढ्यात उड्डाणशाळेचे व्यवस्थापक गुणवंतराव आले. समोरच्याला दाबायचं असलं की ते आधी चष्मा पुसत. त्यांनी तो पुसला.

"काऊन थांबली? भूत दिसून राह्यलं का तुले?"

"तडा दिसला, सर."

"आता तं नाई दिसत."

"म्हणूनच सही नाई."

"पोरीचे मायबाप पेढे घेऊन बसले बाहेर!"

"पेढे खा. विमान नाई जात."

तिनं विमानाची किल्ली काढून खिशात टाकली.

"ताई, तुमी जळता माह्यावर," गुणवंतरावांमागून आलेली निशा फणकारली.

ज्योत्स्नानं ऐकून घेतलं. जित्या पोरीचा टोमणा तिला परवडत होता.

दुपारी कचेरीतला रेडिओ खरखरला. त्याच विमानाचा क्रमांक. निशाचा आवाज.

"मार्कंड्यावरून परत. पंखा तुटला. उतरायची परवानगी द्या."

विमान दारासमोर उभं होतं. निशा खुर्चीत बसली होती, तोंडात पेढा.

गुणवंतरावांचा चष्मा या खेपेला हातातच राहिला.

छपरावर घरघर घुमू लागली. खिडकीतून दिसणारं आभाळ रिकामं होतं.

"परवानगी द्या, ताई." आवाज आता रडवेला.

ज्योत्स्नानं माइक ओढला. "आमची निशा इथीच आहे. तू कोणी का असशील, माह्या पट्टीवर उतरायचं नाई."

घरघर नदीकडे लांबत गेली. मग थांबली.

"गेली," ज्योत्स्ना म्हणाली. "बोल आता काही, निशा."

निशानं पेढा गिळला आणि बोलू लागली. ज्योत्स्नाकडे हात करून काही सांगितलं, स्वतःच हसली.

तिचे ओठ हलत होते, पण खोलीत फक्त छताचा पंखा ऐकू येत होता. निशा बोलतच होती. तिला अजून कळलं नव्हतं.