मागच्या कोठीचं कुलूप

“मी येत नाही! एकदा सांगतलं ना... तुम्ही जा!”

जानराव खाटेवरून हलले नाहीत. अंगणात नदीचं गढूळ पाणी शिरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी गफ्फारचा ट्रॅक्टर घुरघुरत उभा होता आणि नातवंडं केव्हाच ट्रॉलीत चढली होती. सारं गाव वरवट बकालच्या शाळेकडे निघालं होतं.

“बाबा, पुलावर पानी चढलं तं मंग रस्ता बंद!” चंद्रशेखर दारातून ओरडला.

“घरात कापूस हाये. भिजला तं?”

“भिजू द्या ना!”

भिजू द्या...! मुलाचे शब्द जानरावांच्या मनात रुतून बसले. एवढी घाई कशाची? बायकोला, अंबूबाईला जाऊन चार महिने झाले, आणि तेव्हापासून या घरात त्यांच्या पाठीमागे काहीतरी चाललं होतं. आधी मागच्या कोठीला कुलूप लागलं आणि किल्ली सुनेच्या, वैष्णवीच्या कमरेला गेली. ते आत आले की नवराबायकोचं बोलणं थांबायचं. ते शेतात एकटे निघाले की चंद्रशेखरला नेमकं तिकडेच काम आठवायचं. आज घर सोडलं की हे कुलूप पुढच्या दाराला येणार... आणि आपण कोणाच्या तरी ओसरीवर!

“ओ जानरावभाऊ!” गफ्फारनं हाक दिली. “भाषण शायेत ठोका, मी माईक आनून देतो! आता चाला!”

“तुम्ही जाऊन राह्यले तं जा ना! सुनेलेबी न्या.”

तशी वैष्णवी ट्रॉलीतून उतरली आणि पाणी तुडवत घरात आली. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. आज डोक्यावरचा पदर भिजून खांद्यावर पडला होता, तिला भान नव्हतं.

“तुम्ही लेकरांपाशी थांबा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मामाजीबिगर मी नाही येत.” आणि ती उंबऱ्यावरच बसली, पाण्यात!

“काऊन? कोठीची राखन कराले?”

तिनं कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. “उघडून पाहा.”

जानरावांनी कुलूप काढलं. आत ना धान्य, ना कागदपत्रं. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या तेवढ्या फळीवर होत्या. बीटी कापसाची सरकी लावली की फवारणीतून सुटका होईल, असं कधीकाळी ऐकलं होतं. बोंडअळी पुन्हा आली आणि बाटल्या घरातच राहिल्या.

“आईच्या तेरवीले तुम्ही म्हनले, आता माहं इथं काय काम...” वैष्णवी म्हणाली. “मले भेव वाटलं, मामाजी! म्हनून कुलूप. शेतात तुमच्या लेकालेबी तुमच्या मांगं धाडत होती मी. चार महिने डोयाले डोया नाही... आता खरं सांगा. कापसासाठी थांबले का तुम्ही?”

कापसासाठी? जानरावांनी मनातच विचारलं. सकाळी पाणी चढताना पाहिलं तेव्हा त्यांना भीती वाटली नव्हती. उलट बरं वाटलं होतं! हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं... आणि ही परक्या घरातून आलेली पोर ते ओळखून होती!

“पोरी...” ते खाली बसू लागले. “मी तुले चोर समजलो गं...”

“समजा. पन उठा!”

ते उठले. कापसाकडे न पाहता बाहेर पडले. गल्लीत पाणी मांडीला लागलं. वैष्णवी पुढे पाऊल टाकणार, एवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

“थांब! डाव्या अंगाले नाली उघडी हाये. तुले दिसत नाही. माह्या मांगं ये.”

“मामाजी, तुम्ही पडसान!”

“नाही पडत,” जानराव म्हणाले, आणि पायानं जमीन चाचपत पुढे झाले.