चाकावरचा लाल दुपट्टा

“माहा दुपट्टा चाकावर दिसला, तर समजा बुढा जिता हाय. नाही दिसला, तर आधी मले पाहा, मंग डोंग्यात बसा.”

दिवाळीच्या सुट्टीत मुलं मामाकडे आसगावला आली, त्याच दिवशी सोमाजी आबांनी हे बजावलं होतं. आबा तलावाच्या गेटावरचे चौकीदार. तिथल्याच झोपडीत एकटे राहायचे. पहाटे चाक फिरवून गेट उघडायचं, कालव्यात पाणी सोडायचं, अंगावरचा लाल दुपट्टा धुऊन चाकावर वाळत टाकायचा आणि दुपारी बाराला गेट पाडून पाणी बंद करायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तेरा वर्षांच्या चंद्रकलाने त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. “आबाजी, तुमाले काय होते? तुमी शंभर वर्षं जगता!”

आणि आज चाकावर दुपट्टा नव्हता.

“ताई, दुपट्टा नाही दिसत,” तिचा धाकटा भाऊ श्रावण म्हणाला.

“निजले असन. गेट उघडं आहे ना? बस लवकर.”

मामेभाऊ तुलारामने झोपडीकडे तोंड करून आबांसारखं घोरून दाखवलं. तिघंही पोट धरधरून हसली आणि डोंगा सुटला.

एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेला मामाचा तो अरुंद डोंगा. सोबत चिवडा नि करंज्या. तीन मैलांवरच्या पुलापर्यंत पाण्याच्या ओढीने जायचं आणि बारानंतर ओढ थांबली की काठावरून दोर लावून डोंगा ओढत परत यायचं, असा बेत होता. दोन्ही अंगांना पिवळं पडत आलेलं धान होतं. एका वळणावर पाण्यात बसलेल्या म्हशीने वाटच अडवली. “बाई, जरा सरका,” असं तुलारामने हात जोडून विनवलं, तेव्हा कुठे ती उठली.

पुलाखाली फराळ झाला. वरून साडेबाराची एस.टी. गेली. श्रावणने पाण्यात पान टाकलं, तर ते सुसाट पळालं.

“बारा वाजून गेले. मंग पाणी काहून थांबलं नाही?”

शेजारच्या बांधावर गावातला शेतकरी भैय्यालाल फावडं टेकवून उभा होता. त्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, काठोकाठ भरली होती. “थांबलं नाही तर तुमचं काय जाते बे? बुढा बजाराले गेला असन. येऊन राहिलं पाणी तर येऊ द्या.”

चंद्रकलाच्या हातातली करंजी तशीच राहिली. मागच्या आठवड्यात आबा तापाने फणफणले होते, तरी भिंत धरत धरत येऊन त्यांनी गेट पाडलंच होतं. गेट उघडं टाकून ते बाजाराला जातील? तिच्या डोळ्यांपुढे सकाळचं ते रिकामं चाक आलं.

भैय्यालालची सायकल झाडाला टेकलेली होती. पण हा माणूस सरळ मागून देईल? चंद्रकला गोड आवाजात म्हणाली, “भैय्याभाऊ, सायकल देता? आबाजीले सांगून येतो, सांजपर्यंत पाणी चालूच ठेवा म्हणून.”

“ने ना बाई, ने!” भैय्यालाल खूश झाला.

डोंगा बांधून तिघं एकाच सायकलवर बसली. या वेळी कोणी हसलं नाही.

झोपडी रिकामी होती. आबा सापडले गेटामागे, तलावाकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर. गेट उघडल्यावर दुपट्टा धुवायला ते खाली उतरले होते आणि वर येताना घसरले होते. एक पाय वाकडा झाला होता आणि त्यावर लाल दुपट्टा आवळून बांधला होता. ओठ सुकून पांढरे पडले होते.

चंद्रकलाने ओंजळीने पाणी पाजलं. आबा हळूच म्हणाले, “सकाळी हाका मारल्या मी. तुमी हासून राहिले होते, मंग ऐकू नसन गेलं. हासाव पोरायनं.”

रागावले असते, तर बरं झालं असतं.

तुलारामने गावातून बैलबंडी आणली आणि आबांना पवनीच्या दवाखान्यात नेलं. एक रात्र तिथेच पडून राहिले असते तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरपंच वासुदेवरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. “पोरगी मोठी हुशार हाय! आबाचा जीव वाचवला इनं.”

चंद्रकलाची मान वर होईना. “काका, आमी सकाळीच पाह्यलं होतं. दुपट्टा नव्हता. श्रावण बोलला, अन् मीच चूप केलं त्याले. आबाजी आठ घंटे तिथं पडून होते.”

मागे उभा असलेला भैय्यालाल पायाकडे पाहू लागला. वासुदेवराव म्हणाले, “खरं बोलली, पोरी. आमी तर दिवसभर तिकडे पाह्यलंच नाही.”

ही शाबासकी मात्र तिने घेतली, तीही डोळे पुसत.

मुलांनो, तुमच्या आळीत एकटं राहणारं, रोज दारात दिसणारं कोणी असेल. आज दिसलं का? आठवत नसेल, तर पुस्तक मिटा, चपला घाला आणि आधी बघून या.