पोकळ

हे सगळं मला नीट आठवतंय की नंतर मीच रचलंय, याची खात्री देत नाही. मूर्तिशास्त्र तीस वर्षं शिकवूनही स्वतःच्या डोळ्यांवर माझा कधीच फारसा भरवसा नव्हता.

त्या दुपारी संग्रहालयाच्या तळघरात एका देवीची मूर्ती तपासायला गेलो होतो. नोंदवहीत ती हजार वर्षांपूर्वीची म्हणून लागलेली. संचालक माझा वसतिगृहापासूनचा मित्र. त्याच्या मते ती सिमेंटची नक्कल होती. मी तसं लिहून दिलं की नोंदवहीतून ती कमी होणार आणि तळघरातून बाहेर जाणार.

"खरवडून बघ की, पंडित," तो म्हणाला. "चावणार नाही ती."

खरवडलं. नखात सिमेंट आलं. पण ओठांची ती ठेवण... नक्कल करणाऱ्याला जमेल?

"तुझं हे नेहमीचंच. लग्नाला हो म्हणायला दोन वर्षं लावलीस!"

मी हसलो. तरी शिलालेखाचा घेतात तसा चेहऱ्याचा ठसा घ्यायचं ठरवलं. ओला कागद चेहऱ्यावर पसरला, ब्रशने ठोकून ठोकून पापण्यांच्या कडांपर्यंत बसवला, आणि वाळायची वाट बघत राहिलो. ट्यूबलाइट गुणगुणत होती. भिजल्या कागदाचा वास. बाकी काही नाही.

मग नाकाखालचा कागद फुगला. बसला. पुन्हा फुगला...

"बघितलंस?" मी कुजबुजलो.

तोही बघत होता. कपाळावर घाम. पण सावरला. "पोकळ आहे रे आतून. साच्यातली. हवा येतेय." मग अगदी हळू, "दगड कधी... असं करतो का?"

किती सोपं उत्तर! मला हायसंच वाटलं. तिथेच बसून अहवाल लिहिला : आतून पोकळ, अर्वाचीन नक्कल. सही करत होतो तेव्हा समोर कागद जोरजोरात फडफडत होता. मी मान वर केली नाही.

महिन्याभरात मूर्ती गेली. पाठोपाठ मित्रही नोकरी सोडून गेला. माझा फोन त्याने पुन्हा कधी उचलला नाही. सिमेंटचा हात त्यानेच वरून फिरवला होता, हे मला तळघराच्या पहारेकऱ्याने सांगितलं. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याला माझी एवढीच गरज होती.

अकरा वर्षांनी दूरच्या एका संग्रहालयात ती मूर्ती स्वच्छ करून मांडल्याचं वाचलं. तिथला क्ष-किरण तपासणीचा अहवाल मी मागवून घेतला. तीनदा वाचला. अखंड दगड. आत कुठेही पोकळी नाही. नाकपुड्या कारागिराने कोरलेल्याच नाहीत.