नाल्यात टाकलेलं पोतं

"प्रफुल, तुझी बाजू माझ्याआधी साफ झाली ना, तर नाव बदलीन माझं!"

"मंग आत्ताच शोधून ठेव दुसरं नाव!" घरामागच्या सांदवाडीच्या पलीकडच्या टोकावरून प्रफुल ओरडला आणि वाळलेल्या वेलींचा एवढा मोठा भारा ओढत निघाला, की त्यात तो स्वतःच दिसेनासा झाला.

नूतन सातवीची परीक्षा देऊन शुक्रवारी संध्याकाळी चंद्रपूरहून मामाच्या गावी आली होती. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला आंबेटोला नावाचं हे लहानसं गाव. मुक्काम सोमवारपर्यंत. आल्याआल्याच लहानूमामांनी तिला आणि मामेभावाला, प्रफुलला, अट घातली होती. शनिवारी घरामागची सांदवाडी साफ करायची, पालापाचोळा खड्ड्यात टाकायचा, वालाचा जुना मांडव मोडायचा. मग रविवारी झिंगू आजा त्यांना जंगलातल्या डोहावर नेणार! आणि ज्याची बाजू आधी साफ होईल, त्याला आजा जाळं फेकायला शिकवणार!

झिंगू आजा गावातला सगळ्यात पटाईत मासेमार होता. त्यानं जाळं फेकलं की ते हवेत मोठ्या ताटासारखं गोल उघडायचं. नूतनला तेच शिकायचं होतं.

दुपारी बारा वाजता तिच्या बाजूचा एकच कोपरा उरला. तिथं कुंपणाला टेकून एक मळकट पोतं पडलं होतं. सकाळीच मामांनी बजावलं होतं, "त्या पोत्याले हात नका लावू. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या शिश्या हायेत त्यात. मी पाहीन त्याचं काय करायचं ते."

पण पोतं तिथंच राहिलं तर कोपरा साफ कसा दिसणार? प्रफुल तर शेवटचा भारा उचलत होता! नूतननं मागे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. तिनं काठीनं पोतं पुढे रेटलं, कुंपणाच्या फटीतून बाहेर काढलं आणि खाली नाल्याच्या उतारावर ढकलून दिलं. गडगडत ते बेशरमाच्या झुडपांत दिसेनासं झालं.

"झालं माझं!" ती ओरडली.

मामांनी येऊन पाहिलं. "वा! कोपराबी चकाचक!" पोत्याचं ते विसरूनच गेले असावेत. त्यांनी काही विचारलं नाही. नूतननंही काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी तिघं टेकडी ओलांडून डोहाकडे निघाले. आजा पुढे, खांद्यावर जाळं. "काल सांजच्याला एक जाळं लावून ठेवलो डोहात," तो सांगत होता. "आता पाहू काय गावते. मंग तुले शिकवतो, पोरी. मनगट ढिलं ठेवाचं, बस!"

डोह दिसला आणि आजा जागीच थांबला.

पाण्यावर मासे तरंगत होते. पांढरी पोटं वर करून. शेकडो! काठावर खेकडे उलटे पडले होते. झाडांवर एकही बगळा नव्हता.

"हे काऊन झालं?" प्रफुल कुजबुजला.

आजा गुडघ्यावर बसला. त्यानं पाण्याचा वास घेतला आणि दोन्ही पोरांना हातानं मागे सारलं. "दूर व्हा. औषध हाय पाण्यात. जहर!"

नूतनला एकेक करून आठवलं. औषध. शिश्या. पोतं!

तेवढ्यात गावाकडून आरडाओरडा ऐकू आला. ते धावत परतले. चंदाच्या घरासमोर माणसं जमली होती. चंदा प्रफुलच्या शेजारची, नऊ वर्षांची. तिची तांबू गाय अंगणात आडवी पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. चंदा तिच्या मानेला मिठी मारून बसली होती. रडत नव्हती, नुसती गायीच्या डोळ्यांत बघत होती.

"डोहावर पाणी पेली ती," चंदाची आई सांगत होती. "घरी आली अन् पडली!"

लहानूमामा फोनवर गुरांच्या डॉक्टरांशी बोलत होते. "हो साहेब... या लवकर... कोणतं औषध? ते तं नाई माहीत!" फोन ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर दुसऱ्या गावी हायेत. यायला घंटाभर लागंल. औषधाचं नाव समजलं तर इलाज बरोबर होते म्हणतात."

"नाव झिंगूले विचारा ना!" मागून भारी आवाज आला. गुणवंतराव! नाल्याकाठी त्यांची मोठी शेती होती, उन्हाळी धान होता, ट्रॅक्टर होता. "काल सांजच्याला डोहावर कोण होतं? हाच! मासे मारासाठी जहर टाकलं त्यानं!"

"मी जाळं टाकलो, भाऊ," आजा हळूच म्हणाला. "जहर नाई."

"मंग मासे काय उन्हानं मेले? दंड करा याले! डोहावर पाय ठेवू देऊ नका!"

दोघातिघांनी माना हलवल्या. आजानं खांद्यावरचं जाळं काढलं, घडी केली आणि जमिनीवर ठेवलं.

नूतन चार पावलांवर उभी होती. बोल! ती स्वतःला सांगत होती. आत्ता बोल! औषधाचं नाव त्या शिश्यांवर आहे. पण मामा समोर होते, चंदाची आई समोर होती, अख्खं गाव समोर होतं. ती गर्दीतून मागे सरकली आणि पळत सुटली.

नाल्याचा उतार उतरताना हातांना ओरखडे उमटले. पोतं झुडपांत अडकलं होतं. अर्धं वर, अर्धं पाण्यात. एका शिशीचं झाकण निघालं होतं. खालच्या बाजूला बोटाएवढे तीन मासे मरून पडले होते.



"तुले गर्दीतून पळताना पाहिलं मी!" वर प्रफुल उभा होता. त्याच्यामागे चंदाही होती. "हे पोतं इथी कसं?"

"मी टाकलं." नूतनला रडू आवरेना. "काल. तुझ्याआधी संपवायचं होतं म्हणून. मीच मासे मारले. तांबूलाही मीच... आणि आजाला सगळे बोलत होते, तेव्हा मी नुसती उभी राहिले!"

चंदा दोन पावलं मागे सरली. ती दोन पावलं नूतनला थपडेपेक्षा जास्त लागली.

चंदा पाण्याकडे बघत राहिली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पन डोह तं वर हाय."

"म्हणजे?"

"तिकडं, वर. पाणी तिकडून इकडं येते. तुह्या पोत्याचं पाणी वर कसं चढंल?"

उन्हाळ्यातला नाला इतका संथ होता, की पाणी कुठून कुठे जातं हे शहरातल्या नूतनला दिसलंच नव्हतं. शिवाय टेकडी ओलांडून गेल्यामुळे तिला दिशाही कळल्या नव्हत्या. चंदानं पळसाचं एक वाळकं पान पाण्यावर सोडलं. ते जरा घुटमळलं, मग हळूहळू डोहाकडून गावाच्या बाजूला सरकू लागलं.

"म्हणजे जहर डोहाच्याही वरून आलं!" प्रफुलनं उडी मारली. "चला!"

आधी त्यांनी काठीनं पोतं वर ओढलं, पाण्यापासून दूर. मग तिघं नाल्याच्या काठाकाठानं धावत सुटले. डोह मागे पडला. वरही मेलेले मासे होते! एका वळणावर मोठा चपटा दगड होता. त्याच्या खाली मासे मेलेले, आणि वरच्या डबक्यात?

"जिवंत! हे बघा, पळून राह्यले!" चंदा ओरडली.

"म्हणजे जे झालं ते इथंच झालं," नूतन म्हणाली. "शोधा! आणि कशालाही हात लावू नका!"

दगडावर दुधासारखे पांढरे ओघळ वाळले होते. काठच्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे रुंद ठसे होते. गवतात औषधाचं रिकामं पाकीट पडलं होतं. प्रफुलनं मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढले. पाकिटावरचं नाव वाचता येईल असे जवळून!

"ट्रॅक्टर गावात एकाचाच हाय," तो म्हणाला. "पण गुणवंतकाका कबूल करतील? म्हणतील, पाकीट वाऱ्यानं आलं!"

"दाखवू नकोस आधी," नूतन म्हणाली. "आधी फक्त एक विचार." आणि तिनं दोघांना काय ते सांगितलं.

ते पोचले तेव्हा डॉक्टरांची मोटरसायकल नुकतीच थांबत होती. गुणवंतराव अजून बोलतच होते. "मी तं आठ दिवसांत डोहाच्या वर गेलोच नाई!"

प्रफुल साळसूदपणे पुढे झाला. "काका, तुमचे बैल उन्हात बांधले हायेत. आम्ही त्यायले पाणी पाजून आणू का? त्या वरच्या चपट्या दगडापाशी?"

"ए! तिथी नको!" गुणवंतराव दचकून ओरडले. "तिथलं पाणी अजिबात पाजू नको!"

"काऊन, काका?" चंदानं विचारलं. "डोहाचं पाणी खराब हाय. त्याच्या वरचं कसं खराब झालं?"

प्रफुलनं मोबाइल डॉक्टरांच्या हातात दिला. गुणवंतरावांचा चेहरा उतरला.

"फवारणीची टाकी धुतली तिथी," ते शेवटी पुटपुटले. "उरलेलं औषधबी सांडलो. वाटलं, एवढ्याशानं काय होते."

डॉक्टरांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि लगेच इंजेक्शन भरलं. "नाव कळलं हे फार बरं झालं! शाब्बास रे पोरांनो! वेळेवर शोधलंत!"

"माही भाची हाय ती!" लहानूमामा अभिमानानं म्हणाले. चंदाच्या आईनं नूतनच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

नूतनला तो हात सोसवेना. प्रफुलनं तिच्या कानात म्हटलं, "आता तुले काही सांगायची गरज नाई. सुटलीस तू!"

पण ती सुटली नव्हती.

"मामा," ती म्हणाली. "ते पोतं मी नाल्यात टाकलं. तुम्ही नको म्हटलं होतं तरी. खाली तीन मासे मेले आहेत. ते कशानं मेले, मला माहीत नाही. आणि सकाळी मला वाटत होतं की सगळं माझ्यामुळेच झालं. तरी मी आजाला बोलणं खाऊ दिलं."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "पोतं मीबी तसंच ठेवलो होतो, साल झालं. ते माहं चुकलं. पण आजाचं तू आजालेच सांग."

झिंगू आजा पडवीच्या कडेला बसला होता. नूतन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळी मले बोलत होते तवा तू तिथीच होती ना, पोरी?"

"होते."

"मंग?"

"भ्याले होते, आजा."

आजानं तिच्याकडे पाहिलं. "मीबी भेलो होतो," तो म्हणाला.

त्याच्या या बोलण्यानं नूतनला पुन्हा रडू आलं. आजानं तिला रडू दिलं.

संध्याकाळपर्यंत गावानं ठरवलं, की नाल्याचं पाणी गुरांना पाजायचं नाही. जोवर डॉक्टर सांगत नाहीत, तोवर हातपंपाचंच पाणी! गुणवंतरावांनी सगळ्यांसमोर झिंगू आजाचे हात धरून माफी मागितली. लांबच्या घरांच्या गुरांना पाजायला ट्रॅक्टरनं पाण्याचे ड्रम पोचवायचं कामही त्यांच्यावरच आलं. शिश्यांचं पोतं मामांनी हातमोजे घालून नीट बांधलं, कुरखेड्याला कृषी कार्यालयात विचारायला न्यायचं म्हणून.

"मोठ्यायले जे दिसलं नाई ते पोरायले दिसलं," मामा डॉक्टरांना सांगत होते. "अन् जे सांगाले जड होतं, तेबी पोरीनंच सांगितलं."

नूतननं ते ऐकलं, पण ती थांबली नाही. हातपंपापासून चंदाच्या अंगणापर्यंत तिची ही अकरावी खेप होती. बादलीची कडी हाताला रुतत होती. तांबू आता मान वर धरून बसली होती.

वाटेत चंदा येऊन उभी राहिली. डॉक्टर आल्यापासून ती नूतनशी एक शब्दही बोलली नव्हती. तिनं बादलीकडे पाहिलं, नूतनच्या लाल झालेल्या तळव्याकडे पाहिलं.

"एका हातानं सांडून राह्यलं पाणी," ती म्हणाली आणि कडीची दुसरी बाजू धरली. "चाल."